गळ बांधणाऱ्याचा तिसरा हात

(नभोवाणीवरील भाषण)



रायगड जिल्ह्याचा, म्हणजे १९८१ सालापूर्वीं ज्याला आपण कुलाबा जिल्हा म्हणत होतों त्या जिल्ह्याचा, किनारा हा खाड्यांचा किनारा आहे. उत्तरेस अंबा नदीला पोटांत घेणारी धरमतरची खाडी, तिच्या दक्षिणेस रेवदंड्यापाशीं समुद्राला मिळणारी कुंडलिका, पुढें जंजिऱ्याच्या शेजारची राजपुरीची खाडी आणि अगदीं शेवटीं रत्नागिरी जिल्ह्याच्या सीमेवर बाणकोटाजवळ येणारी सावित्री. या प्रत्येक खाडीच्या मुखाशीं गोडें व खारें पाणी एकमेकांत मिसळतें, कोळंबी व बोई यांचे थवे भरतीबरोबर आंत शिरतात, आणि त्यांच्या पाठोपाठ जिताडा, रावस, तांब, शिंगाळा हे मोठे मासे येतात. कोळी बांधवांचीं डोल व पाग हीं जाळीं येथें पिढ्यान् पिढ्या चालत आलीं आहेत. त्यांच्या जोडीला गळानें गरवण्याची विद्याही तितकीच जुनी आहे. अलीकडे मुंबई-पुण्याकडील पुष्कळ हौशी मंडळी सुटीच्या दिवशीं हातांत काठी व फिरकी घेऊन या किनाऱ्यावर उभी असलेली दिसतात. आजचें भाषण मुख्यतः त्यांच्यासाठीं आणि त्यांच्या घरच्या माणसांसाठीं आहे. कारण गळ समुद्रावर टाकला जात असला तरी तो बांधला जातो घरच्या मेजावर, आणि त्या मेजाचा, त्यावरील शिशाचा व टोंकदार वस्तूंचा संबंध साऱ्या कुटुंबाशीं येतो.

गळाच्या अनेक प्रकारांपैकीं केसांचा जिग हा एक प्रकार आहे. गळाच्या नेढ्यापाशीं शिशाचें लहानसें डोकें ओतलेलें असतें आणि त्या डोक्यामागें, दांडीभोंवतीं, केसांचा झुपका दोऱ्यानें आवळून बांधलेला असतो. त्याला जिवंत आमिषाची गरज नसते. तो पाण्यांत सोडला कीं शिशाच्या भारानें तळाकडे जातो. काठीला हलकासा हिसका दिला कीं उसळी घेतो आणि पुन्हां खालीं बसूं लागतो. तळाशीं दचकून मागें उडी मारणाऱ्या कोळंबीची ही हुबेहूब नक्कल आहे. पाणी वाहत असतांना केस आपोआप मिटतात व उलगडतात. रबराच्या किंवा लांकडाच्या कृत्रिम माशाला ही हालचाल साधण्यासाठीं ओढ लागते. केसांना ती केवळ प्रवाहानें मिळते. आपल्या किनाऱ्याचें गढूळ पाणी लक्षांत घेतां हा गुण मोठाच म्हटला पाहिजे. कारण अशा पाण्यांत मासा डोळ्यांपेक्षां अंगावर जाणवणाऱ्या कंपांवर अधिक विसंबतो.

आतां जिताड्याची रीत पाहा. हा मासा भक्ष्याला चावा घेऊन तोडीत नाहीं. तो आपलें मोठें तोंड एकदम उघडतो आणि पाण्याच्या लोटाबरोबर भक्ष्य आंत ओढून घेतो. त्या क्षणानंतर तो डोकें झटकतो व खांबांच्या किंवा खडकांच्या आड धांव घेतो. जिग कच्चा बांधलेला असेल तर पहिल्याच झटक्याला केसांचा झुपका दांडीवरून फिरतो, दोन माशांनंतर सैल होतो, आणि तिसऱ्या वेळीं गळाची केवळ उघडी दांडी हातीं येते. दिवसभराची वाट पाहणें, प्रवासाचा खर्च, नेमकी साधलेली भरती, हें सर्व दोऱ्याच्या वीस-पंचवीस वेढ्यांवर अवलंबून असतें. ते वेढे घट्ट बसतात कीं नाहीं, हें पुन्हां ज्या हत्यारानें गळ धरला त्यावर ठरतें. तें हत्यार म्हणजे व्हाइस. त्याची निवड कशी करावी, हाच आजचा मुद्दा.

गळावर पिसें-केस बांधण्याची कला जुनी आहे, आणि एके काळीं पाश्चात्य देशांतही पुष्कळ कारागीर गळ बोटांत धरूनच बांधीत असत. आपल्या देशांत गोऱ्या अंमलदारांनीं ही हौस नद्यांवर आणली. मद्रासकडील एक मुलकी अधिकारी एच. एस. थॉमस यांचा ‘द रॉड इन इंडिया’ हा ग्रंथ १८७३ सालीं मंगळुरास प्रसिद्ध झाला. नदीवरील बारीक गळ बोटांच्या चिमटींत धरतां येतो. समुद्रावरचा जाड गळ मात्र तसा धरवत नाहीं. त्याचें अग्र तीक्ष्ण असतें, डोकें जड असतें, आणि दोरा ओढावयास जोर लागतो. एका हातांत केस, दुसऱ्या हातांत दोरा. मग गळ धरावयाचा कोणीं? व्हाइस हा येथें तिसऱ्या हाताचें काम करतो.

पुष्कळांची अशी समजूत असते कीं जिगचें डोकें जड असल्यामुळें व्हाइस भक्कम लागतो. समजूत अर्धवट खरी आहे. थोडा हिशेब करून पाहूं. २० ग्रॅमांचें डोकें जबड्यांपासून ५ सेंटिमीटर पुढें आहे असें धरलें, तर त्याचा फिरवण्याचा जोर १०० ग्रॅम-सेंटिमीटर झाला. आतां दोऱ्याकडे वळूं. केस आवळण्यासाठीं २१० डेनियरचा चांगला नायलॉन दोरा घेतला, आणि दर डेनियरला सुमारें ७ ग्रॅम ही त्याची ताकद धरली, तर तो जवळजवळ दीड किलोपर्यंत ताण सोसतो. बांधणारा माणूस तुटण्याच्या अलीकडे, म्हणजे एक किलोच्या आसपास, ताण देतो. हा ताण जबड्यांपासून ३ सेंटिमीटरांवर पडला तर फिरवण्याचा जोर ३,००० ग्रॅम-सेंटिमीटर होतो. म्हणजे डोक्याच्या भारापेक्षां दोऱ्याची ओढ तीसपट अधिक! आणि जबड्यांनीं गळ केवळ ४ मिलिमीटर लांबीवर धरला असेल, तर त्या इवल्याशा पट्टीच्या दोन टोंकांवर साडेसात किलोंचा दाब येतो. व्हाइसची परीक्षा येथेंच होते. तो जड डोकें पेलतो कीं नाहीं हा प्रश्न गौण. घट्ट ओढलेल्या दोऱ्याखालीं गळाला रेसभरही हलूं देत नाहीं, हा खरा प्रश्न.

गळ थोडासा जरी हलला तरी काय बिघडतें? बांधणाऱ्याला तें लगेच कळतें, आणि त्याचा हात नकळत हलका होतो. मग वेढे सैल पडतात. वाईट व्हाइस जिग बिघडवतो तो असा, हाताला भित्रा करून.

म्हणून खरेदी करतांना पहिली नजर जबड्यांवर असावी. ते आवळण्याच्या तीन मुख्य पद्धती आहेत.

पहिल्या पद्धतींत जबडे एका नळीच्या आंत बसवलेले असतात. मागची तरफ दाबली कीं ते मागें ओढले जातात आणि नळीच्या निमुळत्या तोंडाशीं आवळतात. अमेरिकेंतील थॉम्पसन यांचा ‘मॉडेल ए’ हा या घाटाचा प्रसिद्ध नमुना. त्याच घाटाचे स्वस्त व्हाइस आपल्या भारतांत तयार होऊन परदेशांतील नवशिक्यांच्या पेट्यांत जातात. बारीक व मध्यम गळांना हा घाट पुरेसा आहे. परंतु जाड गळ घातला कीं त्याचे जबडे समांतर राहत नाहींत. ते टोंकाशीं फांकतात आणि गळ मागच्या बाजूला एखाद्या रेषेवरच धरला जातो. शिवाय गळाची जाडी बदलली कीं नळी दर वेळीं मागें-पुढें करून घ्यावी लागते. हें न करतां तरफेवर जोर दिला तर जबड्याचें टोंक उडतें.

दुसऱ्या पद्धतींत जबडे मुळांत स्प्रिंगच्या जोरानें मिटलेलेच असतात. तरफ दाबली कीं ते उघडतात, सोडली कीं मिटतात. कपडे वाळत घालण्याच्या चिमट्याचें तत्त्वच हें. जुळवाजुळव मुळींच नाहीं. लहान गळानंतर मोठा आणि मोठ्यानंतर लहान असें काम करणाऱ्याला हा घाट फार सोयीचा पडतो. पण पकडीची ताकद ही स्प्रिंगची ताकद असते. ती कारखान्यानें दिली तेवढीच, आपल्याला वाढवतां येत नाहीं. म्हणून या घाटाचा व्हाइस घ्यावयाचा तर तो उत्तम प्रतीचाच घ्यावा. स्वस्तांतला स्प्रिंगचा व्हाइस हा या बाजारांतील सर्वांत फसवा माल होय.

तिसऱ्या पद्धतींत दोन जबड्यांमधलें अंतर प्रथम एका स्क्रूनें गळाच्या जाडीइतकें जुळवून घ्यावयाचें, आणि नंतर तरफेनें किंवा दुसऱ्या स्क्रूनें ते आवळावयाचे. जुळवणीला क्षणभर वेळ जातो. परंतु जबडे बहुतेक समांतर राहतात, जाड तार पूर्ण रुंदीवर धरली जाते, आणि जोर आपल्या हातीं राहतो. कांहीं व्हाइसांच्या जबड्यांत मोठ्या गळासाठीं एक आडवी खांचही कोरलेली असते. जिग बांधणारा माणूस साधारणतः एका बैठकींत एकाच मापाचे डझनभर जिग बांधतो. त्यामुळें जुळवणीचा त्रास त्याला एकदांच होतो. समुद्रावरच्या जिगसाठीं या तिसऱ्या घाटाला अग्रमान द्यावा, असें माझें स्पष्ट मत आहे.

यानंतर मापाचा प्रश्न येतो. गळांच्या क्रमांकांची रीत थोडी विचित्र आहे. क्रमांक १ पर्यंत आंकडा वाढेल तसा गळ लहान होतो. म्हणजे १० क्रमांकाचा गळ ४ क्रमांकाच्या गळाहून लहान. त्यापुढें मात्र १/०, २/०, ३/० असा क्रम सुरू होतो आणि तेथें आंकडा वाढेल तसा गळ मोठा होतो. खाडींतील रावस किंवा तांब यांसाठीं १/० ते ३/०, आणि मोठ्या जिताड्यासाठीं ५/० पर्यंतचे गळ उपयोगी पडतात. समुद्रासाठीं बनवलेल्या या गळांची तार दीड-दोन मिलिमीटरांच्या आसपास जाड असते. नदीवरच्या बारीक गळांसाठीं बनवलेला नाजूक व्हाइस कितीही महाग असला तरी या कामाचा नव्हे. दुकानदाराच्या पत्रकांत ‘अमुक ते अमुक क्रमांक’ असें लिहिलेलें असतें; त्यांतील सर्वांत मोठा आंकडा आपल्या सर्वांत मोठ्या गळाच्या पुष्कळ पलीकडे असावा. कोणतेंही हत्यार आपल्या शेवटच्या मर्यादेवर नीट काम करीत नाहीं.

जबड्यांचा आकारही पाहावा. केसांची शेपटी मागें, म्हणजे गळाच्या वांकाच्या दिशेनें, पडते. आणि वांक तर जबड्यांतच धरलेला असतो. त्यामुळें आठ-दहा सेंटिमीटर लांबीचे केस जबड्यांवर लोळतात. जबडे बोजड असतील, त्यांवर स्क्रूचीं डोकीं बाहेर आलेलीं असतील, तर केस त्यांत अडकतात व तुटतात. म्हणून जबडे ताकदवान पण निमुळते, आणि त्यांच्या मागें बोटें फिरवावयास मोकळी जागा असलेले हवेत. गळ धरावयाचा तो वांकाच्या तळाशीं. अग्र जबड्यांत लपवलें तर बोट वांचतें खरें, परंतु दाबानें अग्राला खोंच पडण्याचा संभव असतो, आणि बोथट गळासारखी निरुपयोगी वस्तु दुसरी नाहीं. त्यापेक्षां अग्रावर बुचाचा किंवा रबराचा लहानसा तुकडा टोंचून ठेवावा. दोराही कापला जात नाहीं आणि बोटही.

आतां फिरत्या व्हाइसविषयीं. हल्लीं पुष्कळ व्हाइसांचा पुढचा भाग आंसाभोंवतीं फिरतो. त्यांत दोन भेद आहेत. एकांत गळाची दांडी बरोबर आंसाच्या रेषेंत बसते आणि व्हाइस फिरवला कीं दांडी जागच्या जागीं फिरते. याला खरा फिरता व्हाइस म्हणतात. दुसऱ्यांत जबडे फिरतात, पण गळ आंसापासून थोडा वर किंवा खालीं राहून हेलकावा घेतो. केसांच्या जिगला दोन्ही बाजूंनीं सारखे केस बांधावे लागतात; वरचा झुपका बांधून झाला कीं गळ उलटा करून खालचा बांधावयाचा. तेव्हां निदान अर्धा फेरा फिरणारा व्हाइस असावा, हें रास्त आहे. शेवटीं दोऱ्यावर रोगण चढवून तें वाळेपर्यंत हळूहळू फिरवीत राहण्यासाठींही त्याचा उपयोग होतो, नाहीं तर रोगण एका बाजूस ओघळतें. परंतु दांडी अगदीं आंसावरच फिरली पाहिजे, असा आग्रह या कामांत धरण्याचें कारण नाहीं. त्यासाठीं दुप्पट पैसे मोजूं नयेत. एक गोष्ट मात्र अवश्य पाहावी: फिरणें रोखणारा स्क्रू भक्कम हवा. जिगचें डोकें जड व एका बाजूस असल्यामुळें रोध सैल असला कीं व्हाइस हात सोडतांच आपोआप फिरतो, आणि ओला झुपका विसकटतो.

व्हाइस उभा कशावर राहतो, हा विचार बहुतेक लोक खरेदीनंतर करतात. बैठक दोन प्रकारची मिळते. एक म्हणजे मेजाच्या कडेला आवळावयाचा क्लॅम्प, दुसरी म्हणजे जड लोखंडी पाट. पाट सुटसुटीत दिसतो. तो कोठेंही ठेवतां येतो. पण हिशेब पाहा. पाट २ किलोंचा व १० सेंटिमीटर रुंद, आणि जबडे मेजापासून २० सेंटिमीटर उंच आहेत असें समजूं. पाटाला उलटण्यापासून रोखणारा जोर २ गुणिले ५, म्हणजे १० किलो-सेंटिमीटर. आडवा एक किलोचा ताण दिला तर उलटवणारा जोर १ गुणिले २०, म्हणजे २० किलो-सेंटिमीटर. पाट उचलला जाणार, हें उघड आहे. दोरा सरळ खालीं ओढला तर हा धोका कमी होतो. परंतु केसांचा झुपका दाबतांना हात सर्व बाजूंना फिरतो. म्हणून जिगच्या कामास क्लॅम्पच चांगला. विकत घेण्यापूर्वीं घरच्या मेजाची फळी मोजावी, कडेखालीं क्लॅम्पचें तोंड शिरण्याइतकी जागा आहे कीं नाहीं तें पाहावें, आणि कांचेच्या मेजाला क्लॅम्प कधींही लावूं नये. ज्यांना खालीं बसून काम करण्याची संवय आहे त्यांनीं जाड फळीच्या चौरंगाला तो लावावा. मात्र त्यासाठीं दांडा खालीं-वर सरकवतां येणारा हवा. जबडे साधारण छातीच्या खालच्या पातळीवर आले म्हणजे खांदे दुखत नाहींत.

किनाऱ्यावर राहणाऱ्यांना आणखी एका शत्रूला तोंड द्यावें लागतें, तो म्हणजे गंज. अलिबाग-मुरुडकडील खारी हवा आणि चार महिन्यांचा पावसाळा यांपुढें साधें लोखंड टिकत नाहीं. येथें एक पेंच आहे. जबडे गळापेक्षां कठीण असावे लागतात, नाहीं तर गळाच त्यांत खांचा पाडतो. आणि जें पोलाद सर्वांत कठीण होतें तें बहुधा लवकर गंजतें. उलट, स्वयंपाकघरांतील भांड्यांचें न गंजणारें पोलाद तापवून-विझवून कठीण करतां येत नाहीं. न गंजणाऱ्या पोलादांतही कठीण होणाऱ्या कांहीं जाती आहेत, त्यांचे जबडे मिळाले तर उत्तम. न मिळाल्यास दांडा व बैठक पितळेची अथवा न गंजणारी, आणि जबडे कठीण हत्यारी पोलादाचे, अशी जोडी घ्यावी. काम संपलें कीं जबड्यांवर शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब चोळावा, आणि पुन्हां वापरण्यापूर्वीं तो पुसून टाकावा. तेलाचा वास व डाग केसांना लागतां कामा नये. एवढी काळजी घेतली तर चांगला व्हाइस वापरणाऱ्याच्या मुलाच्याही उपयोगी पडतो.

दुकानांत परीक्षा कशी करावी? स्वतःचे दोन गळ बरोबर न्यावे, सर्वांत मोठा व सर्वांत लहान. मोठा गळ जबड्यांत आवळून त्याच्या नेढ्यावर अंगठ्यानें खालीं दाब द्यावा. गळाची तार किंचित् लवली पाहिजे आणि सोडतांच पूर्ववत् झाली पाहिजे. गळ जबड्यांत घसरून खालीं गेला तर तो व्हाइस परत ठेवावा. नंतर गळ काढून भिंगानें जबड्यांकडे पाहावें. त्यांवर गळाचा ठसा उठला असेल तर धातु मऊ आहे. रिकामे जबडे मिटून उजेडासमोर धरावे. फट दोन्हीकडे सारखी दिसली पाहिजे. तरफ दाबतांना घोट्याची ताकद लागतां कामा नये. डावखुऱ्या माणसानें व्हाइस उलट दिशेला वळतो कीं नाहीं तें पाहून घ्यावें. आणि स्क्रू साध्या मापाचे, हार्डवेअरच्या दुकानांत मिळण्यासारखे आहेत ना, हेंही विचारावें. एक स्क्रू हरवल्यामुळें अडगळींत पडलेलीं हत्यारें प्रत्येक घरांत असतात.

हौस टिकते कीं नाहीं हें ठरण्यापूर्वीं पैसे घालवावयाचे नसतील तर एक घरगुती मार्ग आहे. जबडे कुलूपबंद होणारी जी पकड मेकॅनिकांजवळ असते, नेब्रास्कांतील विल्यम पीटरसन या लोहारानें विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत प्रचारांत आणलेली, ती लांकडाच्या जड ठोकळ्यावर बोल्टनें घट्ट बसवावी. ती गळ इतका भक्कम धरते कीं पुष्कळ विकतचे व्हाइस लाजावेत. तिचे दांते मात्र गळावरील मुलामा खरवडतात, आणि खरवडलेल्या जागीं खारें पाणी लगेच गंज चढवतें. म्हणून फिटर लोक जसें जबड्यांवर तांब्याचें पान घालतात तसें पातळ पितळी पत्र्याचें आवरण घालावें.

हत्याराइतकेंच सामानाविषयीं बोलणें जरूर आहे, कारण येथें कायद्याचा व आरोग्याचा प्रश्न येतो. अमेरिकेंत या जिगसाठीं हरणाच्या शेपटीचे केस वापरतात, आणि तेथील पुस्तकें वाचून आपलीं माणसेंही हरणाचे केस शोधूं लागतात. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ याखालीं चितळ, सांबर, भेकर हे प्राणी संरक्षित आहेत. त्यांचे केस बाळगणें, विकणें अथवा विकत घेणें हा गुन्हा होऊं शकतो. मुंगसाच्या केसांचीही तीच गोष्ट. जुन्या कुंचल्यांतील केस काढून वापरण्याचा मोहही टाळावा. आणि गरज तरी काय आहे? आपल्या महाराष्ट्रांत शेळ्यांची वाण नाहीं. उस्मानाबादी शेळी बहुतेक काळी असते, संगमनेरी पांढरी किंवा तपकिरी. बोकडाच्या दाढीचे व पाठीचे लांब केस पाण्यांत हरणाच्या केसांहून मऊ हालतात. फरक एवढाच कीं हरणाचे केस थोडे पोकळ असल्यानें दोरा आवळतांच फुलून उभे राहतात. बोकडाचे भरीव केस तसे फुलत नाहींत. म्हणून ते एकदम न बांधतां लहान लहान झुपक्यांनीं, डोक्याभोंवतीं फिरत फिरत बांधावे, आणि प्रत्येक झुपक्यावर दोऱ्याचे चार-पांच घट्ट वेढे द्यावे. व्हाइस फिरता असावा असें मीं म्हटलें तें याचसाठीं. केस आधीं साबणानें धुवून, पूर्ण वाळवून घ्यावे.

दुसरी गोष्ट शिशाची. शिसें ३२७ अंश सेंटिग्रेडला वितळतें. हें तापमान घरच्या शेगडीवर सहज मिळतें, आणि धोका तेथेंच आहे. शिशाचा धूर व धूळ लहान मुलांच्या मेंदूला बाधते. ज्या भांड्यांत शिसें वितळवलें तें पुन्हां अन्नासाठीं वापरणें म्हणजे विष कालवणें होय. पावसाळ्यांत तर सांचा दमट असतो. त्यांत वितळलेलें शिसें पडतांच पाण्याची वाफ होऊन तें तोंडावर उडतें. म्हणून स्वयंपाकघरांत शिसें कदापि ओतूं नये. तयार डोक्यांचे गळच विकत घ्यावे आणि हाताळल्यावर हात धुवावे. ब्रिटनमध्यें हंसांच्या मृत्यूमुळें १९८७ पासून लहान आकाराच्या शिशाच्या वजनांच्या विक्रीला बंदी आली. तेव्हांपासून कथील, बिस्मथ, टंगस्टन यांकडे लोक वळले. टंगस्टन महाग पडतें, पण शिशापेक्षां जड असल्यानें त्याचें डोकें लहान राहतें व प्रवाहाला कमी अडतें.

डोकें किती जड घ्यावें, हें पंचांग सांगेल. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती असते, प्रवाह मंद असतो. तेव्हां खाडींत दहा ग्रॅमांचा जिग तळाला लागतो. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला तोच जिग वाहून जातो आणि वीस-तीस ग्रॅमांचा लागतो. भरतीची वेळ काढण्याची आपल्याकडील रीत सोपी आहे: तिथीच्या आंकड्याला पाऊणानें गुणावें. चतुर्थीला चार पाऊणे तीन, म्हणजे भरती सुमारें तीन वाजतां. मेजावर जिग बांधतांना दोन्ही पक्षांचा विचार करून दोन्ही वजनांचे बांधून ठेवावे.

सारांश, पैसे खर्च करण्याचा क्रम असा ठेवावा. पहिला रुपया जबड्यांवर: कठीण, समांतर, जाड गळ न हलवतां धरणारे. दुसरा बैठकीवर, आणि ती शक्यतों क्लॅम्पची. तिसरा गंज न चढणाऱ्या धातूवर. फिरण्याची सोय त्यानंतर. आणि चकाकणारा रंग, पेटी, दिव्याची दांडी यांना सर्वांत शेवटीं जागा. ज्याच्याजवळ पहिल्या तीन गोष्टी आहेत त्याचा जिग जिताड्याच्या जबड्यांतूनही शाबूत परत येईल.

रेवदंड्याच्या पुलाखालीं किंवा राजपुरीच्या खाडीच्या कांठीं आपण उभे असाल, भरती फिरली असेल, आणि दोरी एकदम ताठ होईल, तेव्हां त्या क्षणीं कांहींच दुरुस्त करतां येत नाहीं. जें करावयाचें तें आदल्या आठवड्यांत, दिव्याखालीं, घरच्या मेजावर झालेलें असतें. तें निर्भयपणें, घट्ट हातानें व्हावें, एवढ्यासाठींच हा तिसरा हात नीट पारखून घ्यावा.